बिनचाबकाचा मालक

रणधीर खाडे बैलाला चाबूक लावत नाही, हे खटाव तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मैदान कुठलंही असो, त्याची छकडी सुटायच्या आधी निवेदक भोंग्यावरून गळा फाडून सांगायचा, "आला बघा कुरणवाडीचा बिनचाबकाचा मालक!" मग रणधीर दोन्ही हात वर करून रिकामे तळवे चारी बाजूंना दाखवायचा. लोक टाळ्या पिटायचे, शिट्ट्या मारायचे, आणि त्याचा काजळ्या, डोळ्यांभोवती काळी कड असलेला खिलार, धुरळ्यातून सगळ्यांच्या पुढे निघायचा. नंतर सत्कार, फेटा, भाषण. भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, की मी हा बैल पोटच्या पोरासारखा वाढवला.

वाढवला होता धनश्रीने. धनश्री म्हणजे रणधीरची बायको. काजळ्याची कणीक तिने मळायची, दूध-अंडी तिने कालवायची, शेण तिने काढायचं. रणधीर खतांच्या दुकानातून संध्याकाळी यायचा, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहायचा आणि फोनवर त्याचे फोटो पाठवायचा. तेवढं झालं की बाप झाला.

त्याने धनश्रीवर कधी हात टाकला नव्हता, आणि ही गोष्ट तो वर्षातून दोन-चारदा पाहुण्यांसमोर तिला ऐकवायचा. त्याची तऱ्हा वेगळी होती. आमटीत मीठ कमी पडलं तर तो ताट बाजूला सारायचा आणि अगदी हळू आवाजात विचारायचा, "आईनं काही शिकवलं व्हतं, का नुसतीच वाढवली?" मग उत्तर येईपर्यंत बघत राहायचा. त्याची जीप विजेवरची, आवाज न करणारी. पण वळणावरची खडी टायरखाली वाजली की धनश्रीच्या पोटात गोळा यायचा. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी तो गोळा काही जुना झाला नव्हता.

तर ज्या साली शर्यत नियंत्रण मंडळाने बैलांना वेदनापट्टा सक्तीचा केला, त्या साली सगळ्या मालकांनी तहसीलवर मोर्चा काढला. एकट्या रणधीरने पेढे वाटले.

पट्टा समजावून सांगायला मंडळाच्या डॉ. नसीम मुजावर कुरणवाडीच्या ग्रामपंचायतीत आल्या. बाई मिरजेच्या. वडील गुरांचे डॉक्टर, त्या स्वतः मज्जासंस्थेवर शिकलेल्या. जड शब्द त्या मिरजेतच ठेवून आलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, कातडीत नसांची उघडी टोकं पसरलेली असतात. टोचलं, भाजलं, चिमटलं की ती जागी होतात आणि विजेचा बारीकसा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे धाडतात. निरोप दोन वाटांनी जातो. उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी लख्खकन चमक येते, ती जलद नसांची. मग आपण पाय धरून खाली बसतो आणि मागाहून ठणका येतो, तो संथ नसांचा. पाय मात्र त्याच्याही आधी मागे आलेला असतो, कारण तो हुकूम मज्जारज्जूने मेंदूला न विचारताच देऊन टाकलेला असतो.

"पण अंगठ्याकडून निघालेला निरोप म्हणजे वेदना नव्हे," मुजावर बाई म्हणाल्या. "तो नुसता अर्ज असतो. मज्जारज्जूत एक दार आहे असं समजा. तिथे काही अर्ज अडतात, काही पुढे जातात, काहींना जोर लावून पुढे ढकललं जातं. दार ओलांडून जे मेंदूकडे चढतं ती कळ. आमचा पट्टा पायातलं काही मोजत नाही. मानेतून वर चढणारी ही वर्दळ मोजतो, तीही सुई न टोचता, चुंबकीय संवेदकाने."

हिरवा दिवा म्हणजे बैल सुखात, पिवळा म्हणजे थोडी कुरकुर, लाल म्हणजे कळ. शर्यतीत लाल लागला की जोडी बाद. पट्टा बेंदराच्या सणाला, म्हणजे बैलपोळ्याला बांधायचा तो हंगाम संपेपर्यंत दिवसरात्र गळ्यात, आणि नोंद थेट मंडळाकडे. कोणी बधिर करायचं औषध टोचून आणलं तर तेही लपायचं नाही, कारण शर्यतीआधी बैलाला एक हलका चिमटा काढून बघणार. चिमट्यालाही दिवा हलला नाही तर मालक चोर.

मागून कोणीतरी विचारलं, की बायकोसाठी असा पट्टा मिळतो का. पुरुषांची बाजू खो-खो हसली. बाई म्हणाल्या, माणसांवर वापरायला कायद्याने बंदी आहे. धनश्रीला त्यात नवल वाटलं नाही. माणसांच्या गळ्यात असे दिवे लागले असते तर निम्मी घरं लाल झाली असती, आणि मग सरकारने कुठं कुठं बघायचं.

पट्ट्याने खरोखरच काम केलं, हे शत्रूनेही मान्य करावं. टोकाला खिळ्याची आर लावलेल्या पराण्या माळ्यावर गेल्या. ऐन शर्यतीत बैलाची शेपटी दाताने चावण्यात ज्यांची हयात गेली होती ते ड्रायव्हर घरी बसले. शेजारच्या गावच्या एकाने बधिर करायचं मलम चोळून आणलं, तो चिमट्यात सापडला. रणधीर प्रत्येक सभेत पट्ट्याची तारीफ करत फिरला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी खाड्यांच्या गोठ्यात दिवा लाल झाला.

घर स्लॅबचं, पुढे फरशी, आणि दाराला लागूनच गोठा. येणाऱ्याला आधी बैल दिसला पाहिजे या हौसेपायी रणधीरने तो तिथे बांधून घेतला होता. बैलाच्या तोंडापुढून गेल्याशिवाय घरात शिरता येत नसे. त्या संध्याकाळी धनश्री खुराकाचं घमेलं घेऊन आली, दीर समाधान पाणी घेऊन आला, रणधीर नेहमीसारखा वशिंडावर हात ठेवून उभा राहिला, आणि काजळ्या जागच्या जागी थरथरला. दिवा पिवळा झाला, मग लाल. सगळ्यांनी बैलाचे खूर पाहिले, तोंड पाहिलं, गोचीड शोधली. अंगावर ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी रणधीर दुकानाला निघताना दिवा थोडा वेळ पिवळा व्हायचा, पण पिवळ्याकडे कोण बघतं?

सासूबाईंनी, म्हणजे धनश्री ज्यांना आत्या म्हणायची त्यांनी, निकाल देऊन टाकला. घमेलं आलं की लाल होतं, म्हणजे घमेलं आणणारीच्या हातात काहीतरी असतं. बैलाला दूध आणि मला ताक, असं धनश्री एकदा हळदीकुंकवाला बोलून गेली होती, ते आता गावाला आठवलं. पोती शिवायचं दाभण ती पदरात लपवून आणते, इथपर्यंत गोष्ट चार दिवसांत पोचली. एकीने तर ते दाभण पाहिलंही होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मंडळाची नोटीस आली. घरातल्या कोणामुळे बैलाला कळ येते हे मंडळ येऊन तपासणार. माणूस सापडला तर त्याला बैलाजवळ जायची कायमची बंदी आणि जनावराच्या छळाची केस. माणूस सापडला नाही तर बैल पांजरपोळात.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी रणधीर दुकानाला गेला नाही. धनश्री भाकरी थापत होती, तिथे स्वयंपाकघरात तो येऊन बसला. एरवी तो तिथे बसत नसे.

"उद्या ती लोकं येतील," तो म्हणाला. "तू कबूल कर. रागाच्या भरात टोचलं म्हण. मी सांगतो त्यास्नी, बाईमाणूस हाय, सांभाळून घ्या."

"मी न्हाई टोचलं."

"मला माहिताय."

भाकरी तव्यावर करपली तरी तिने उलटली नाही. गाव म्हणतं, सासू म्हणते, ते एकवेळ ठीक; त्यांना खरंच तसं वाटत होतं. हा माणूस मात्र तिने टोचलं नाही हे माहीत असून तिला फासावर चढ म्हणत होता.

"माझं नाव गेलं तर घराचं नाव गेलं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुझं काय जातंय? तुला कुठं मैदानात उभं रहायचंय?"

या खेपेला तो उत्तराची वाट बघत बसला नाही, गृहीत धरून उठून गेला. ती दिवसभर एकाच गोष्टीपाशी अडली होती: याला कसं माहिताय? केसला ती भ्यायली होती. पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. ज्या जनावराला तिने वासरापासून हाताने भरवलं, त्याच्या अंगात दाभण खुपसणारी बाई म्हणून तिने या गावात मरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अंगण माणसांनी भरलं. मंडळाची माणसं, सरपंच, शर्यत कमिटीचे शंकरतात्या आणि फुकटचा तमाशा बघायला आलेलं निम्मं गाव. मुजावर बाईंनी पद्धत सांगितली. घरातल्या एकेकाने यायचं, रोज संध्याकाळी जे करतो ते करायचं, बैलाजवळ थोडा वेळ थांबायचं. बाईंच्या हातातल्या पडद्यावर आकडा दिसेल, दिवा सगळ्यांनाच दिसेल.

बैल मधोमध उभा केला. शर्यतीचा बैल परक्यांसमोर काढायचा तर कासरा मालकाच्या हाती, हे त्या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. रणधीर इस्त्रीचे कपडे घालून कासरा धरून उभा राहिला. दिवा पिवळा होता. एवढी माणसं बघून बुजला असंल, असं शंकरतात्या म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

आधी समाधान गेला. त्याने पाणी दाखवलं, पाठ चोळली. दिवा पिवळाच राहिला. मग आत्या गेल्या, त्यांनी कपाळावरून हात फिरवला. पिवळाच, पण आकडा चढला, असं बाई पुटपुटल्या. सून घरातली शेवटची, म्हणून धनश्री शेवटी. ती घमेलं घेऊन पुढे झाली. काजळ्याने तोंड पुढे केलं, एक घास घेतला, आणि दिवा लालभडक झाला.

अंगणात एकदम गलका उठला. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कोणी म्हणालं तिची ओटी तपासा, कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा. एका बाईने, जिच्या बाळंतपणात धनश्रीने महिनाभर डबे पोचवले होते, तिच्याकडे पाहून थुंकल्यासारखं केलं.

मग रणधीरने हात वर केला. मैदानात करायचा तसाच, फक्त एका हातात कासरा होता.

"मॅडम, घरातली गोष्ट हाय," तो म्हणाला. "चुकली असंल. मी माफ केलंय तिला, तुमीबी करा."

धनश्रीच्या डोक्यात काय काय झालं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. शास्त्र तिला काही उमगलं नव्हतं, याला कसं माहिताय, याचं उत्तरही सापडलं नव्हतं. तिला नुसता राग आला. वीस वर्षांत यायचा होता तो सगळा एकदम आला. आरोपाचं तिने सोसलं असतं. ती माफी तिला सोसवली नाही. याच्या सावलीत उभं राहून आता एक क्षणही मोजून घ्यायचं नाही, एवढंच तिला वाटलं.

"कासरा माझ्याकडं द्या," ती म्हणाली. "आनि तुमी भाईर जावा. मी एकटी हुबी ऱ्हाते. मग काय लाल व्हायचं ते होऊ द्या."

शंकरतात्या पुढे झाले. शर्यतीच्या बैलाचा कासरा बाई धरत नाही, धरला तर बैल बसतो, पळत नाही, हे त्यांनी सांगितलं. रणधीर हसला आणि म्हणाला, डोकं फिरलंय तिचं. पण मुजावर बाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे, मग कासऱ्याकडे, मग कासरा धरलेल्या हाताकडे बघत होत्या. परमुलखातून कोणी आलं असतं तर त्याने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, की हा मधला माणूस कोण. बाई याच मातीतल्या. बैलाशेजारी उभा असलेला मालक त्यांना बैलाच्या शिंगांइतकाच बैलाचा भाग वाटत आला होता.

"कासरा द्या त्यांच्याकडे," बाई म्हणाल्या. "आणि रस्त्यापर्यंत जा."

"माझ्याच अंगणातनं?"

"हो."

सरपंचांनी खूण केली तेव्हा त्याने कासरा फेकल्यासारखा सोडला आणि तो फाटकाबाहेर गेला, दिसेनासा झाला. धनश्रीने कासरा धरला. दिवा लालच होता. कोणीतरी म्हणालं, झाली ना खात्री? बाईंनी थांबा म्हणून हात केला. संथ नसांचा ठणका एकदम विझत नाही. मग लाल मावळला आणि पिवळा झाला. काजळ्याने मान घमेल्यात घातली. तो खात असतानाच पिवळाही गेला आणि हिरवा लागला.

धनश्रीने त्याच्या मानेवर हात ठेवला, शेपटीच्या बुडापर्यंत फिरवला. दिवा हिरवाच राहिला.

"आता त्यांना बोलवा," बाई म्हणाल्या.

रणधीर फाटकाशी आला, पण आत येईना. आपल्याच घरात आपण चोरासारखं उभं राहणार नाही, असं त्याने तिथूनच सांगितलं. तो बोलायला लागला आणि पिवळा दिवा लागला. यंत्र खराब आहे, तो म्हणाला. आकडा चढला. या बैलावर मी जीव टाकलाय, सगळ्या तालुक्याला विचारा, मी आजवर चाबकाला हात लावलेला नाही, तो म्हणाला, आणि दिवा लाल झाला. मध्ये वीस पावलांचं अंतर होतं, बैलाची पाठ त्याच्याकडे होती. लोक एकदा त्याच्या तोंडाकडे बघत, एकदा दिव्याकडे. त्यालाही ते दिसलं, पण गप्प बसायची त्याला सवय नव्हती. तो जितका बोलला तितका आकडा चढत गेला. शेवटी सरपंच म्हणाले, "रणधीरआबा, तोंड मिटा. बैलाला त्रास हुतोय."

बाईंनी मग बैलाला न्याहाळलं. शेपटीच्या बुडाशी केस नसलेला एक डाग होता, जुना, भरून आलेला. धनश्रीने तो ओळखला. काजळ्या आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा असताना तिथे केस जळालेले तिने पाहिले होते, हळद-तेल लावलं होतं. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला चिकटला, असं तेव्हा रणधीरने सांगितलं होतं. आज ती वळून समाधानकडे बघत राहिली. समाधानने नजर चुकवली.

"आदत व्हता तवाची गोष्ट हाय, वहिनी," तो म्हणाला. "माळावर पळवायचा पहाटं. तार दादानंच लावली व्हती. दादा मागं बसायचा, आवाज द्यायचा आनि बटन दाबायचा. पुढं नुसता आवाज दिला तरी पळायचा, मग बटन काढून टाकलं."

म्हणून चाबूक लागत नव्हता.

बाईंनी जमलेल्यांना समजावलं, पण त्या धनश्रीकडे बघून बोलत होत्या. जखम भरली, आतली नस भरली नाही. ती अजून बारीक बारीक निरोप धाडते. एरवी मेंदू वरून हुकूम सोडतो, दार लाव, आणि बैलाला काही जाणवत नाही. शर्यतीत तर खूर फाटला तरी जाणवत नाही, कारण संकट अंगावर आलं की मेंदू दार घट्ट लावून घेतो. पण संकट आलेलं नाही, येणार आहे, आता येईल, अशी वाट बघत उभं राहावं लागलं तर उलटं होतं. दार सताड उघडतं आणि बारीकशी कळ मोठी होऊन वर जाते. त्यातून एकच निरोप पुन्हा पुन्हा आला की मज्जारज्जूतल्या पेशी चिडतात, दर खेपेला आधीपेक्षा मोठं उत्तर देतात.

"कासरा पहिल्यापासून त्यांच्याच हातात होता," बाई म्हणाल्या. "आकडा माणसागणिक चढत नव्हता, वेळेगणिक चढत होता. जो शेवटी उभा राहील तो चोर ठरणार होता. चूक माझी आहे, आणि तशी मी नोंदवते."

सरपंचांनी विचारलं, की मालक बघून बैलाला आनंद होत असेल, त्यानेही दिवा लागत असेल की. बाई म्हणाल्या, आनंदाने दार लागतं, उघडत नाही. यात कुठला भाग धनश्रीला समजला नाही असं नव्हतं. खडी वाजल्यावर पोटात येणारा गोळा तिला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. न मारता मारता येतं, हे तिला ठाऊकच होतं. आज ते सगळ्या गावाला दिव्यात दिसलं होतं.

निकाल तिथेच लिहिला गेला. मालक म्हणून रणधीरचं नाव मंडळाच्या यादीतून कायमचं गेलं, केस होणार होती. बैल घरी राहील, पळेलही, सांभाळणारीचं नाव धनश्री खाडे. अट एकच. रणधीरने बैलाच्या जवळ यायचं नाही, आवाजाच्या टप्प्यात बोलायचं नाही. मज्जारज्जू निवायला किती महिने लागतील ते सांगता येत नाही. मध्ये एकदाही लाल लागला तर गाडी येऊन बैल पांजरपोळात नेणार.

गाव पांगलं. जाताना कोणी धनश्रीची माफी मागितली नाही. थुंकल्यासारखं करणारी बाई खाली बघून गेली. आत्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दिवस कलला तेव्हा रणधीर फाटकाशी उभा होता. त्याला घरात यायचं होतं, आणि घरात यायची वाट बैलाच्या तोंडापुढून होती. त्याने एक पाऊल आत टाकलं. काजळ्याने रवंथ थांबवला, कान मागे केले. दिवा पिवळा झाला. रणधीरने पाऊल मागे घेतलं.

"बैल मळ्यात हलव," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो धाकाने आवाज दाबून बोलत होता.

"त्याची जागा हीच हाय," धनश्री म्हणाली. "तुमास्नी हलवायचा असंल तर या आत आनि सोडून न्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. हे बघणं तिच्या ओळखीचं होतं, उत्तर येईपर्यंतचं. तिच्या पोटात गोळा आला, सवयीने आला, पण ती हलली नाही. ती त्याच्याकडे न बघता दिव्याकडे बघत होती, आणि मग त्यालाही तिकडेच बघावं लागलं.

"घर माझं हाय," तो अगदी हळू म्हणाला.

पिवळा दिवा लालाकडे झुकला. त्याने चटकन ओठ मिटले आणि हाताने नाही, नाही, अशी खूण केली. कोणाला केली ते त्याचं त्यालाच माहीत. मग तो फाटकाबाहेर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला. आत समाधानने विचारलं, दादाच्या जेवणाचं काय करायचं. धनश्रीने ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि ते बाहेर नेऊन द्यायला सांगितलं. बोलू नका म्हणावं, नुसतं खावा.

तो बाहेर बसून जेवला. आमटीत मीठ कमी होतं की जास्त, ते कळायला काही मार्ग नव्हता. धनश्री काजळ्याजवळ पाटावर बसून रणधीरला जेवताना पाहत होती आणि तिला बरं वाटत होतं. नवऱ्याचे असे हाल बघून बाईला वाईट वाटायला हवं, असं पुढे तिला तिच्या आईनेही सांगून पाहिलं. तिने आईला सरळ सांगितलं, की नाही वाटलं.